गामदेवीचा पिंजारी

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

अमेरिकेत एक चांगली रीत आहे. राष्ट्राध्यक्ष पायउतार झाला की त्याच्या कारकिर्दीची कागदपत्रे, पत्रव्यवहार, छायाचित्रे, देशोदेशीच्या भेटवस्तू एका जागी जमा होतात आणि त्याच्या नावाचे ग्रंथालय व संग्रहालय उभे राहते. या प्रथेची सुरुवात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी केली. न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क या आपल्या गावी, राहत्या घराच्याच आवारात त्यांनी तशी इमारत उभी केली, ती सरकारच्या स्वाधीन केली आणि ३० जून १९४१ रोजी ती लोकांसाठी उघडली. पुढे १९५५ मध्ये त्याचा कायदाच झाला. तोवर राष्ट्राध्यक्षाचे कागद ही त्याची खासगी मालमत्ता समजली जाई. निक्सनसाहेबांच्या भानगडीनंतर, १९७८ च्या कायद्याने, ते कागद जनतेचे झाले. आता तिकडची माणसे सुटीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन अशा ग्रंथालयांत जातात. आपल्या लोकांची तिकडे राहणारी मुले आईवडिलांना मुद्दाम नेऊन दाखवतात.

आपल्याकडे अशी सरसकट रीत नाही. दिल्लीला राष्ट्रपती भवनाचे संग्रहालय २०१४ पासून आहे. तीन मूर्ती भवनात पूर्वी नेहरूंचे संग्रहालय होते, तिथे २०२२ पासून सगळ्या पंतप्रधानांचे संग्रहालय झाले आहे. रामेश्वरमला डॉ. अब्दुल कलामांचे स्मारक २०१७ मध्ये उभे राहिले. कलामसाहेबांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, आपल्या राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळतात. मी एका लहानशा वाचनालयाचा ग्रंथपाल असल्याने त्या दिवशी माझी धावपळ असते. पण रामेश्वरम काय, दिल्ली काय, आम्हाला दोन्ही लांबच. मी राहतो सूर्यमाळला, मोखाडा तालुक्यात. आमच्या पालघर जिल्ह्यातले हे सर्वांत उंचावरचे थंड ठिकाण. मुंबईची मंडळी आमच्याकडे सहलीला येतात, धुके बघतात, फोटो काढतात, आणि संध्याकाळी परत जातात. आमच्या लोकांनी सहलीला जायचे ते जव्हारला, मुकणे महाराजांचा जयविलास राजवाडा बघायला. तो शाळेतल्या प्रत्येक मुलाचा बघून झालेला असतो.

माझी नात पाचवीत आहे. तिने एकदा विचारले, “दादा, राष्ट्रपती आणि राष्ट्रपिता यांत फरक काय?” मी माझ्या परीने सांगितले. एक पद आहे, ते निवडणुकीने मिळते आणि पाच वर्षांनी सुटते. दुसरे पद नाहीच, लोकांनी प्रेमाने दिलेले नाव आहे. “मग राष्ट्रपित्याचं घर कुठे आहे?” मी म्हटले, बरीच आहेत, त्यातले एक आपल्याला एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. मुंबईत, गामदेवीला. नाव मणिभवन. खाली ग्रंथालय, वर संग्रहालय. म्हणजे अमेरिकेतल्या रीतीशी बरेचसे जुळणारे, फक्त त्यात राहणारा माणूस कधी कुठल्या सरकारी खुर्चीवर बसला नाही.

बेत ठरला. जानेवारीतला एक शनिवार. मी, पत्नी, मुलगा, सून, नात. आणि माझे वडील. अब्बांचे वय ब्याऐंशी. त्यांना नेऊ नये असे सुनेचे म्हणणे होते, आणि ते रास्तच होते. पण अब्बांनी आदल्या रात्रीच चपला पुसून दारात ठेवल्या, तेव्हा बोलणेच खुंटले.

अब्बांबद्दल थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. आम्ही पिंजारी. कापूस पिंजणे हा आमचा पिढीजात धंदा. महाराष्ट्रात पिंजारी, नदाफ, मन्सुरी अशा नावांनी जी माणसे भेटतात ती बहुतेक याच धंद्यातली, आणि बहुतेक मुसलमान. अब्बांनी तरुणपणापासून खांद्यावर पिंजण घेऊन जव्हार, मोखाडा, खोडाळा, त्र्यंबक अशा फेऱ्या मारल्या. आमच्या भागात कापूस पिकत नाही. डोंगरात सावरीची झाडे आहेत, तिचा कापूस आदिवासी बाया गोळा करून आणत, तो उशांत भरायचा. गाद्यांचा कापूस जुनाच, दाबून दगड झालेला, तो पुन्हा पिंजून फुलवायचा. पिंजाऱ्याला ओरडावे लागत नाही. तो चालता चालता ताताला बोट लावतो, टंय् टंय् आवाज होतो, आणि बाया समजतात. मी पुढे कविता करू लागलो, वृत्तांची पुस्तके वाचली, पण लघुगुरूचा माझा पहिला धडा तोच. पुढे गावोगाव पिंजायची यंत्रे आली, मग फोमच्या गाद्या आल्या. अब्बांचे पिंजण आता आमच्या माळ्यावर आहे. तात कधीच तुटली.

तर पहाटे जीपने खोडाळा, तिथून विहीगाववरून कसारा. थंडी अशी की जीपमध्ये कोणी बोलेना. कसाऱ्याहून लोकल सुटते तेव्हा डबा रिकामा असतो, हा आमच्या बाजूचा एक फायदा. खिडकीची जागा अब्बांना दिली, आणि मी पिशवीतून वाचनालयाचे पुस्तक काढले. गांधीजींची आत्मकथा, ‘सत्याचे प्रयोग’. मराठी अनुवाद सीताराम पुरुषोत्तम पटवर्धनांचा, म्हणजे कोकणातल्या अप्पा पटवर्धनांचा. हे अप्पा स्वतः भंगीकाम करीत, मेलेल्या गुरांची कातडी सोलण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. अशा हातांनी केलेला अनुवाद आहे तो. असो. मणिभवनाविषयी घरच्यांना आधी चार गोष्टी सांगाव्या म्हणून शेवटाकडचे खादीचे प्रकरण मी वाचायला घेतले.

१९१९ च्या सुमाराची गोष्ट. गांधी आजारातून उठत होते आणि मुंबईत त्यांचे मित्र रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या घरी राहत होते. तेच मणिभवन. चरखा सापडला होता, पण सूत काढायला पेळू हवेत आणि पेळू करायला पिंजलेला कापूस हवा. दोन कातणाऱ्या व्यक्ती मिळाल्या, त्यांनी अठ्ठावीस तोळ्यांच्या शेरभर सुताला एक रुपया घेतला. आजच्या हिशेबाने सव्वातीनशे ग्रॅम सूत. अवंतिकाबाई गोखले आणि आणखी काही स्त्रिया त्यांच्याकडून कातायला शिकल्या. या अवंतिकाबाई म्हणजे १९१८ मध्ये मराठीत गांधींचे चरित्र लिहिणाऱ्या, ज्याला टिळकांची प्रस्तावना आहे. खोलीत चरखा गुणगुणू लागला आणि त्या आवाजाचा आपल्याला बरे करण्यात वाटा होता, असे गांधींनीच नोंदवले आहे.

आणि मग ती चार-पाच वाक्ये येतात. रेवाशंकरभाईंच्या घरावरून एक पिंजारी तात वाजवत रोज जात असे. गांधींनी त्याला वर बोलावले. तो गाद्यांसाठी कापूस पिंजणारा होता. पेळूंसाठी पिंजून द्यायला तयार झाला, पण भाव भारी सांगितला. गांधींनी तो दिला. त्या कापसाचे सूत पवित्रा एकादशीच्या माळांसाठी वैष्णव मित्रांनी विकत घेतले. संपले. पिंजारी पुस्तकातून जसा येतो तसा जातो.

अब्बा खिडकीबाहेर बघत होते. आटगाव मागे पडले असेल. ते वळले आणि म्हणाले, “किती सांगितला?”

“काय?”

“भाव. भारी म्हणजे किती?”

मी पुन्हा पाहिले. कातणाऱ्यांचा दर लिहिलेला आहे. पिंजाऱ्याचा नाही.

“आणि नाव?”

नावही नाही.

घरात आमची बोली दखनीकडे झुकणारी, तिचा ठसका मराठीत आणणे मला जमायचे नाही, पण अब्बा जे बोलले ते साधारण असे. “गादीचा कापूस पिंजणं आणि पेळूचा पिंजणं ही एक कामं नाहीत. गादीला काय लागतं? फुगलेला कापूस. तंतू तुटला तरी चालतो, कचरा राहिला तरी चालतो, वर खोळ असते. दोन गाद्या दिवसात होतात. पेळूचा कापूस नवा हवा. आधी उन्हात घालायचा, सरकीचं टरफल, पानाचा चुरा हातानं वेचायचा. मग तात कापसाला नुसती शिवली पाहिजे, मारायची नाही. तंतू तुटला की सूत तुटलं. शेर-दोन शेर झाला तर दिवस गेला. आणि तो माणूस फेरीवाला. वर बसून एकाच घरचं काम करायचं म्हणजे त्या दिवशीची गल्ल्यांची फेरी बुडाली. दुसऱ्या दिवशी बायका म्हणणार, काल आला नाहीस, दुसऱ्याला दिलं. मग भाव जास्त सांगणार नाही तर काय?” थोडे थांबून म्हणाले, “मीही सांगितला असता.”

श्रोतेहो, हे पुस्तक मी आयुष्यात तीन-चार वेळा वाचले आहे. ती वाक्ये मी भारी भाव घेणाऱ्या एका फेरीवाल्याची गंमत म्हणून वाचत आलो होतो, अशी बहुतेक सगळ्यांनीच वाचली असतील. पिंजाऱ्याच्या बाजूचा हिशेब त्यात घालायला एक पिंजारीच लागला.

माझी नात म्हणाली, “बडे अब्बा, ते मुसलमान होते?” अब्बा म्हणाले, “पिंजारी म्हटल्यावर आणखी कोण?” मी ग्रंथपाल माणूस, मी अडवले. म्हटले, अब्बा, तो मुसलमान होता असे गांधींनी कुठे लिहिलेले नाही. अब्बा म्हणाले, “हिंदू होता असं तरी लिहिलंय का?” सूनबाई तोंडाला पदर लावून हसल्या. आणि त्या माळांचे ऐकून अब्बा विशेष खूश झाले होते. कोणीही असो, त्याच्या हातचा कापूस देवाच्या गळ्यात गेला, एवढे त्यांना पुरले.

दादरला गाडी बदलली, धीम्या लोकलने ग्रँट रोड. नाना शंकरशेटांच्या नावाचा चौक ओलांडून चालत गेलो, अब्बांसाठी दोन ठिकाणी थांबत. मणिभवन ज्या रस्त्यावर आहे त्याचे नाव लॅबर्नम रोड. लॅबर्नम म्हणजे आपल्याकडचा बहावा. आमच्या रानात उन्हाळ्यात तो पिवळाधमक लोंबतो. जानेवारीत अर्थात फुले नव्हती. रस्ता शांत, सावलीचा. मुंबईत अशी शांतता असते हे आमच्या मुलांना खरे वाटेना.

घर मोठे नाही, आणि हेच पहिले लक्षात येते. वाडा नाही, बंगल्याचा तोरा नाही. पेढीवाल्या गुजराती माणसाचे नीटनेटके दोन मजली घर. १९१७ ते १९३४ या काळात गांधी मुंबईत असले की बहुतेक इथे उतरत. १९५५ मध्ये गांधी स्मारक निधीने ते घेतले आणि संग्रहालय झाले. तळमजल्यावर ग्रंथालय आहे. चाळीस-पन्नास हजारांच्या घरात पुस्तके. मी तिथे थोडा जास्त वेळ रेंगाळलो, घरचे वर गेले तरी. माझ्या वाचनालयात पावसाळ्यात पुस्तकांना वास येतो, भिंतीपासून कपाटे हातभर पुढे ओढावी लागतात. इथे कपाटे भिंतीला लागून उभी होती, आणि काचेमागे पुस्तके सरळ, कोरडी. ग्रंथपालाला हेवा वाटण्यासारखी गोष्ट याहून दुसरी नाही.

जिन्याच्या भिंतींवर छायाचित्रे आहेत. पहिल्या मजल्यावर छायाचित्रे आणि पत्रांच्या प्रती. त्यात एक हिटलरला लिहिलेले, २३ जुलै १९३९ चे. युद्ध टाळा, अशी विनंती करणारे. इंग्रज सरकारने ते पोहोचूच दिले नाही. आणि दुसरे १ जुलै १९४२ चे, रूझवेल्टना. होय, तेच रूझवेल्ट, ज्यांनी वर्षभरापूर्वी हाइड पार्कला आपले ग्रंथालय उघडले होते. लुई फिशर नावाच्या अमेरिकन पत्रकाराबरोबर गांधींनी ते पाठवले. पत्र आदबीचे आहे. थोरो आणि इमर्सन यांचे ऋण मान्य करणारे. पण पुढे त्यात एक टोचणी आहे. तुमची दोस्त राष्ट्रे जगाच्या स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणतात, पण हिंदुस्थान आणि आफ्रिका परक्यांच्या ताब्यात असेपर्यंत आणि तुमच्या स्वतःच्या घरात काळ्या माणसांचा प्रश्न उभा असेपर्यंत हे बोलणे पोकळ वाटते, अशा अर्थाचे.

मी नातीला ते वाचून दाखवले, आणि मग त्याच्या पुढची हकीकत सांगितली. या पत्रानंतर सतरा वर्षांनी, १९५९ मध्ये, मार्टिन ल्युथर किंग आणि त्यांच्या पत्नी कोरेटा भारतात आले. मुंबईत ते या घरी आले आणि इथेच राहिले. आणि ६ नोव्हेंबर २०१० रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा, मिशेलबाईंसह, हाच जिना चढले. त्यांना अभ्यागतांच्या वहीतली किंग यांची नोंद दाखवण्यात आली. रूझवेल्टना ज्या प्रश्नाविषयी लिहिले होते, त्या प्रश्नाच्या घरातला माणूस त्यांच्याच खुर्चीवर बसून या घरी येऊन गेला. नातीला बाकी काही कळले की नाही ठाऊक नाही, पण तिने मोजून सांगितले, “अडुसष्ट वर्षं लागली.”

दुसऱ्या मजल्यावर गांधींची खोली आहे, काचेपलीकडे जशीच्या तशी ठेवलेली. जमिनीवर पांढरी गादी, लोड, एक बैठे मेज, चरखे, पुस्तके. बाजूच्या दालनात बाहुल्यांचे देखावे आहेत, गांधींच्या आयुष्यातले पंचवीसहून अधिक प्रसंग. मुले तिकडे धावतात. आमचीही गेली. अब्बा मात्र काचेपाशी उभे राहिले. मला वाटले, हात जोडतील किंवा काही पुटपुटतील. जवळ गेलो तर ते मान तिरपी करून गादी बघत होते.

“चादर घातलीय,” ते म्हणाले. “टाके दिसत नाहीत.”

गादी भरणाऱ्याचा हात टाक्यांवरून ओळखतात. टाक्यांच्या ओळी सरळ आहेत का, किती बोटांच्या अंतरावर आहेत, कोपरा टणक आहे की पोचट. अब्बा गुडघ्यावर हात ठेवून वाकले, या बाजूने पाहिले, त्या बाजूने पाहिले. मागे एका शाळेची रांग खोळंबली होती. त्यांच्या बाईंना वाटले म्हाताऱ्याला भोवळ येते आहे, त्यांनी पाणी पुढे केले. अब्बा म्हणाले, “नको, नको. गादी बघतोय.” आणि मला हळूच, “ही काही त्याच्या हातची नसणार. शंभर वर्षं गादी राहत नाही. दर दोन-तीन वर्षांनी उसवून पिंजावीच लागते.”

त्या खोलीसमोर मला जे आठवत होते ते वेगळे होते. १४ ऑगस्ट १९३१ रोजी डॉ. आंबेडकर या घरी गांधींना भेटायला आले. दोघांची ती पहिली भेट, आणि ती गोड झाली नाही. आंबेडकरांना जे म्हणायचे होते ते त्यांनी स्पष्ट म्हटले. त्यांचे स्वतःचे पुस्तकांसाठी बांधलेले घर, राजगृह, दादरला हिंदू कॉलनीत आहे. सकाळी आम्ही गाडी बदलली ती तिथून हाकेच्या अंतरावर. दोन्ही घरे एका दिवसात बघावी असे माझ्या मनात होते, पण अब्बांचे पाय पाहून ते बोललो नाही. दोन्ही घरे एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक पाहायला हवीत, असे मात्र मला वाटते. एकच घर पाहून परतणाऱ्याला त्या दिवशीचे निम्मेच बोलणे ऐकू येते.

आणखी एक गोष्ट. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले. काँग्रेसने आणि खिलाफत चळवळीने बहिष्कार पुकारला होता. स्वागताला गेलेल्या पारशी, ख्रिस्ती लोकांवर जमावाने हल्ले केले, दारूची दुकाने जाळली, माणसे मेली. त्या जमावात हिंदूही होते, मुसलमानही होते, आणि तोंडी गांधींच्या नावाचा जयजयकार होता. गांधींनी या घरात १९ तारखेला उपास सुरू केला आणि शांतता झाल्यावर, सगळ्या जमातींच्या पुढाऱ्यांना समोर बसवून, २२ ला सोडला. दंगल झाली की आपली माणसे कुठे मेली तेवढे मोजायची आपल्याला सवय आहे. आपल्या माणसांनी काय केले ते मोजून उपाशी राहणारा पुढारी मी माझ्या आयुष्यात तरी पाहिला नाही. ज्या नावाने मला हाक मारतात त्या नावाच्या माणसाला अशा वेळी घराबाहेर पडताना काय वाटते हे मला १९९२ च्या डिसेंबरपासून माहीत आहे, म्हणून ही चार दिवसांची हकीकत मी नातीला सावकाश सांगितली. बाहुल्यांपेक्षा तिला ती कमी आवडली. चालायचेच.

गच्चीविषयीही सांगितले. गोलमेज परिषदेहून परतल्यावर आठवडाभरात, ४ जानेवारी १९३२ च्या पहाटे, गच्चीवरच्या तंबूत झोपलेल्या गांधींना पोलिसांनी उठवून नेले. नातीने विचारले, “थंडीत गच्चीवर का झोपायचे?” सूर्यमाळच्या मुलीला मुंबईची थंडी काय सांगायची!

खाली उतरल्यावर सगळ्यांनी पाणी प्यायले. ग्लास तोंडाला लावताना पत्नी म्हणाली, “हे आपल्याकडचंच.” खरेच होते ते. मुंबईला पाणी जाते ते आमच्या वैतरणेचे. मधले वैतरणा धरण आमच्या मोखाडा तालुक्यात आहे, वरचे आणि खालचेही आमच्या डोंगरांच्या कुशीत. आणि मार्च सरला की आमच्या पाड्यांवरच्या बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ओबामांनी इथे पाणी प्यायले असेल तर तेही कदाचित आमच्याकडचेच.

मुलाला आता भूक लागली होती, सून घड्याळ बघत होती. शेवटची जीप चुकली तर कसाऱ्याला स्टेशनातच रात्र. निघताना दारापाशी अभिप्रायाची वही होती. पाने उलटली तर जपानी, स्पॅनिश, गुजराती, मल्याळम, कुठकुठल्या लिप्या. माझ्यासारख्या माणसाला अशा वहीत काहीतरी शोभेसे लिहायचा मोह होतो. मी मनात ओळ जुळवत होतो, तेवढ्यात अब्बांनी पेन मागून घेतले.

अब्बांची चौथीपर्यंतची शाळा मराठी झाली आहे. अक्षर मोठे, प्रत्येक अक्षराला स्वतंत्र वेळ लागतो. त्यांनी नाव लिहिले. मु. सूर्यमाळ लिहिले. ता. मोखाडा लिहिले. जि. ठाणे लिहिले. नात म्हणाली, “बडे अब्बा, पालघर. आता पालघर आहे.” त्यांनी ठाणे खोडले आणि पालघर लिहिले. जिल्हा २०१४ मध्ये वेगळा झाला, पण अब्बांच्या हाताला अजून ठाण्याचीच सवय. मागे उभे असलेले परदेशी जोडपे शांतपणे थांबले होते. अभिप्रायाच्या रकान्याशी अब्बा थोडे थांबले, चष्मा नीट केला, आणि एक ओळ लिहिली. मी खांद्यावरून वाचली.

“पिंजाऱ्याने भाव बरोबर सांगितला होता.”

खाली सही. मला मग काही लिहावेसे वाटले नाही, मी फक्त नाव लिहिले आणि त्यांच्या खाली ‘सदर’ म्हणून खुणेच्या दोन रेघा ओढल्या.

कसाऱ्याची गाडी दादरला तुडुंब भरलेली मिळाली. अब्बांना एका मुलाने उठून जागा दिली, आम्हाला कल्याणनंतर मिळाली. आसनगावच्या पुढे गार वारा लागू लागला तेव्हा अब्बांना डुलकी लागली होती, आणि नात माझ्या कानाशी येऊन विचारत होती, माळ्यावरच्या पिंजणाला नवी तात कुठे मिळेल.